रिबेकाची बाजू

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर दोन प्रकरणं वाचून झोपू असं म्हणत 'रिबेका' हातात घेतलं आणि शनिवारी पहाटे पावणेचारला संपवलं. गंमत म्हणजे हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचत नव्हते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर एकदा वाचून झालं होतं. कोण कोणाला मारतं, आग कुठे लागते, सगळं माहीत होतं. तरीही झोप उडाली. शेवट माहीत असलेल्या सस्पेन्स कादंबरीने झोप उडत असेल तर मग त्यात सस्पेन्स नक्की कशाचा असतो, हा प्रश्न शनिवारभर डोक्यात फिरत राहिला. त्याचं जे काही उत्तर सापडलं ते इथे लिहितेय. फार सुखद नाहीये.

एक सूचना. मी पुढे सगळं रहस्य फोडणार आहे. पुस्तक १९३८ सालचं आहे, तेव्हा मला दोष देऊ नका. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबावं, पुस्तक मिळवावं, वाचावं आणि मग परत यावं. मी कुठे जात नाही.

तर, लेखिका डॅफ्ने ड्यू मॉरिए. गोष्ट वरवर एकदम साधी. एक विशी-एकविशीची मुलगी. अनाथ, लाजाळू, खिशात पैसे नाहीत. मिसेस व्हॅन हॉपर नावाच्या एका श्रीमंत, आगाऊ अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोच्या हॉटेलात राहते. तिथे तिला मॅक्सिम डी विंटर भेटतो. वय बेचाळीस, इंग्लंडमध्ये समुद्रकाठी मँडर्ली नावाचा भलामोठा वाडा, बायको वर्षभरापूर्वी बोटीच्या अपघातात गेलेली. काही दिवस गाडीतून फिरणं होतं आणि एके सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, जॅम मागावा तितक्या सहज तो तिला लग्नाचं विचारतो. ती मिसेस डी विंटर होऊन मँडर्लीला येते. पण घरात मिसेस डी विंटर आधीच आहे. मेलेली आहे, इतकंच. तिचं नाव रिबेका.

आपल्या या नायिकेला मात्र नाव नाही. अख्ख्या कादंबरीत तिचं नाव कुठेही येत नाही. नाव छान आणि वेगळं आहे असं मॅक्सिम म्हणतो, पण आपल्याला ते कळत नाही. मेलेल्या बाईचं नाव मुखपृष्ठावर आणि जिवंत बाई चारशे पानं बिननावाची. हॉस्टेलवर वाचलं तेव्हा ही लेखिकेची एक हुशार ट्रिक वाटली होती. आता वाटतं, ज्याने कधी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून काम केलंय त्याला ही ट्रिक वाटणारच नाही.

मँडर्लीत भूत नाही. दारं आपोआप वाजत नाहीत, पांढऱ्या साडीतली बाई दिवा घेऊन फिरत नाही. जे आहे ते सगळं रोजच्या व्यवहारातलं. रिबेकाच्या टेबलावर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेले नीटनेटके खण. अंगावर घ्यायला मिळालेला रेनकोट, आणि त्याच्या खिशात 'आर' विणलेला रुमाल. रोजच्या जेवणात काय करायचं याची यादी हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्स मंजुरीला पाठवते, आणि सोबत नम्र प्रश्न, की सॉस कुठला करू? आधीच्या मिसेस डी विंटर याबाबतीत फार चोखंदळ होत्या. एकदा घरातला फोन वाजतो, पलीकडून मिसेस डी विंटरना विचारतात, तर ही पोरगी गडबडून सांगते की त्या वारल्या, वर्ष होऊन गेलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात येतं की अरे, मिसेस डी विंटर तर मीच आहे!

आणि ते चिनी मातीच्या बाहुल्याचं प्रकरण. तिच्या हातून एक किमती शोभेची वस्तू फुटते. ती घराची मालकीण आहे. पण ती तुकडे गोळा करून खणात मागे लपवून ठेवते, एखाद्या नवीन लागलेल्या मोलकरणीसारखी. पुढे आळ नोकरावर येतो तेव्हा तिला कबूल करावं लागतं. हा प्रसंग वाचताना मला खुनाच्या प्रसंगापेक्षा जास्त घाम फुटला. खरंच.

कारण तीन वर्षांपूर्वी मी असेच तुकडे लपवत होते.

झालं असं की मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नवीन लागले ती एका सोडून गेलेल्या मुलीच्या जागी. (कंपनीचं नाव नको, आणि तिचंही. कादंबरीत नाव नसणारी दुसरी आहे, इथे पहिली. फिट्टंफाट.) तिची खुर्ची, तिचा मॉनिटर, तिच्या हस्ताक्षरातली एक पिवळी चिठ्ठीसुद्धा मॉनिटरला तशीच. पेमेंटच्या हिशेबाचं जे मॉड्यूल माझ्या गळ्यात पडलं, त्यातल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तिची आद्याक्षरं आणि तारीख. मीटिंगमध्ये काही अडलं की कुणीतरी उसासा टाकायचं, "ती असती तर पाच मिनिटांत सांगितलं असतं." क्लायंटकडचा माणूस तर दोन महिने मला तिच्याच नावाने हाक मारायचा. मी दुरुस्त करायचे नाही. एकदा रात्रीचा जॉब माझ्या चुकीने पडला तर सकाळी सहाला येऊन, गुपचूप पुन्हा चालवून, लॉगची फाईल बाजूला सरकवून ठेवली. कुणी रागावलं नसतं. तरी.

तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण माझ्या मनात ती पूर्ण तयार होती. उंच, हुशार, फाडफाड बोलणारी, क्लायंटला हसवणारी. 'रिबेका'तली मुलगी अगदी हेच करते. तुकड्यातुकड्यांतून एक रिबेका बांधते आणि मग रोज तिच्याशेजारी स्वतःला उभं करून मोजते. मॅक्सिमने माँटे कार्लोत तिला एक कवितांचं पुस्तक वाचायला दिलेलं असतं. त्याच्या पहिल्या पानावर रिबेकाच्या हातची अर्पणाची ओळ, त्यातला 'आर' उंच आणि तिरका, बाकीच्या अक्षरांना खुजं करणारा. ही ते पान कात्रीने कापते आणि जाळून टाकते. काही फरक पडत नाही. अक्षर डोक्यात बसलेलं असतं.

ड्यू मॉरिएला हे ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचं आधी दुसऱ्या एका मुलीशी लग्न ठरलं होतं आणि त्या मुलीची जुनी पत्रं तिच्या पाहण्यात आली होती. कादंबरीचं बी तिथलं. नवरा सैन्यात अधिकारी. त्याची बदली इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला झाली तेव्हा तिथल्या उकाड्यात बसून तिने ही पावसाळी, धुकट इंग्लंडची गोष्ट लिहायला घेतली. लोकांनी ती प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतली. तिचं स्वतःचं म्हणणं मात्र असं की हा मत्सराचा अभ्यास आहे. मला लेखिकेचं पटतं.

आता मधल्या भागाकडे. मिसेस डॅनव्हर्सवर पानंच्या पानं लिहिता येतील, पण तिच्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. हिंदीत १९६४ साली या कथेवर 'कोहरा' आला तेव्हा हा रोल ललिता पवारांकडे होता, एवढं सांगितलं तरी मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ही बाई नव्या मालकिणीला फॅन्सी ड्रेसच्या पार्टीसाठी वाड्यातल्या एका जुन्या तैलचित्रातला पांढरा पोशाख सुचवते. पोरगी बिचारी हरखून तयार होते, जिना उतरते, आणि मॅक्सिमचा चेहरा पांढराफटक पडतो. कारण आदल्या पार्टीत रिबेकाने हाच पोशाख घातला होता. दुसऱ्या दिवशी डॅनव्हर्स तिला उघड्या खिडकीपाशी उभी करून हळू आवाजात सांगते, उडी मार, सोपं आहे. ती मारतेही कदाचित, पण तेवढ्यात बाहेर धुक्यात स्फोटांचे आवाज होतात. एक जहाज खडकावर चढलेलं असतं. त्याची तपासणी करायला पाणबुड्या खाली उतरतो आणि त्याला तळाशी रिबेकाची बोट सापडते. आत केबिनमध्ये एक प्रेत.

आणि इथे येतं या पुस्तकाचं खरं काळीज. मॅक्सिम बायकोजवळ कबूल करतो की बोट बुडाली नव्हती. मी रिबेकाला गोळी घातली, प्रेत बोटीत टाकलं, बोटीला भोकं पाडून ती बुडवली. पुढे किनाऱ्यावर एक अनोळखी प्रेत लागलं ते तिचंच म्हणून मी ओळख पटवली. आणि हो, माझं तिच्यावर प्रेम कधीच नव्हतं. मी तिचा द्वेष करायचो.

कुठल्याही शहाण्या बाईने इथे काय करावं? किंकाळी फोडावी, दाराकडे धावावं. आपली नायिका काय करते? तिला हायसं वाटतं. खुनाचा सगळा तपशील तिच्या कानावरून जातो आणि मनात एकच गोष्ट उरते, याचं तिच्यावर प्रेम नव्हतं! चार महिन्यांचं ओझं उतरतं. ती एका क्षणात मोठी होते, खंबीर होते, नवऱ्याच्या पाठीशी उभी राहते.

आणि वाचक काय करतो? खरं सांगा. मी तर दोन्ही वेळा सुटकेचा श्वास सोडला. तिथून पुढची शंभरेक पानं माझा जीव टांगणीला लागतो तो खुनी पकडला जावा म्हणून नाही, तो सुटावा म्हणून! चौकशीत बोट बांधणारा कारागीर सांगतो की भोकं आतून पाडली होती, तर माझ्या पोटात गोळा. आत्महत्येचा निकाल लागतो, तर हुश्श. रिबेकाचा तो लफंगा भाऊ फॅव्हेल चिठ्ठी घेऊन ब्लॅकमेल करायला येतो, तर मला त्याचा संताप. शेवटी लंडनच्या डॉक्टरकडून कळतं की रिबेकाला कॅन्सर होता, काही महिन्यांचीच सोबती होती, म्हणजे आत्महत्येला कारणही मिळालं, तेव्हा मी चक्क खूश. एका बाईला कॅन्सर निघाला म्हणून खूश!

आमच्या बाबांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होते. लहानपणी सुट्टीत ती पुस्तकं भेळेसारखी संपवली. तिथे हिशोब चोख असतो. गुन्हेगार कोण हे शेवटी कळतं, तो पकडला जातो, आपण निवांत झोपतो. 'रिबेका'त गुन्हेगार कोण हे पाऊण पुस्तकातच कळतं आणि मग लेखिका आपल्याला अलगद त्याच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसवते. सस्पेन्स गुन्हेगाराचा नाहीच. आपण कुठपर्यंत त्याच्याबरोबर जाणार, याचा आहे.

१९४० साली हिचकॉकने यावर सिनेमा काढला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण त्यात मॅक्सिम खून करत नाही. रिबेका भांडणाच्या भरात अडखळून पडते, डोक्याला मार लागून मरते, तो फक्त प्रेत लपवतो. कारण बायकोचा खून करून नवरा मोकळा सुटलाय असं दाखवणं तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमावलीत बसत नव्हतं. सिनेमा अप्रतिम आहे, पण हा बदल झाल्यावर पुस्तकातला काटाच निघून जातो. अपघात लपवणाऱ्या माणसाची बाजू घ्यायला कोणाचं काय जातंय!

आता मुद्द्याची गोष्ट. या वेळी वाचताना मी एक उद्योग केला. ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? कोण काय म्हणतंय ते बाजूला ठेवतो आणि लॉग बघतो. तसं मी एका कागदावर लिहून काढलं, की रिबेका राक्षसीण होती हे आपल्याला नक्की कोणी सांगितलं.

मुख्य साक्षीदार मॅक्सिम. म्हणजे ज्याने तिला मारलं तो. त्याचं म्हणणं, लग्नानंतर थोड्याच दिवसांत माँटे कार्लोजवळच्या एका कड्यावर रिबेकाने त्याला स्वतःबद्दल अशा गोष्टी सांगितल्या की त्या तो कोणाजवळ कधी उच्चारणार नाही. आणि खरोखरच उच्चारत नाही! पुन्हा जाऊन तपासलं मी. मुख्य आरोप काय, हेच अख्ख्या पुस्तकात लिहिलेलं नाही. तिने सौदा केला, त्याने मानला, वाड्याची अब्रू राहावी म्हणून. ती वाडा सजवेल, नाव मिळवून देईल आणि स्वतःला हवं तसं जगेल. शेवटच्या रात्री तिने त्याला सुचवलं की पोटात मूल आहे, आणि ते त्याचं नाही. त्याने गोळी झाडली. तिचं शेवटचं बोलणंसुद्धा आपल्याला ऐकू येतं ते त्याच्याच तोंडून.

दुसरी साक्षीदार, ही सगळी गोष्ट सांगणारी त्याची दुसरी बायको. तिने रिबेकाला कधी पाहिलेलं नाही आणि रिबेका वाईट असण्यातच तिचा संसार आहे.

म्हणजे रिबेका देवी होती का? नाही, असंही म्हणता येत नाही. बेन नावाचा तो किनाऱ्यावरचा अर्धवट माणूस तिला घाबरायचा, तिने त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची धमकी दिली होती. आणि तिची भक्त असलेली डॅनव्हर्सच सांगते की पुरुष हा तिच्यासाठी खेळ होता, त्यांना ती हसायची. तेव्हा मॅक्सिम अगदी सगळंच खोटं बोलतोय असं नाही. कागद भरल्यावर माझ्या हाती लागलं ते एवढंच, की मी पुरावा तपासून मॅक्सिमच्या बाजूने गेले नव्हते. मी आधीच गेले होते. मला ती वाईट असायला हवी होती. पुराव्याचं मी नंतर बघितलं, तेही दुसऱ्या वाचनात.

आणि हे कळलं तेव्हा पहाटेचे पावणेचार वाजले होते आणि मला ऑफिसातली ती आठवली.

नोकरीला चार-पाच महिने झाले असतील. आमचा लीड एकदा संध्याकाळी टपरीवर चहा पिताना मला म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. ती दिसायची तशी नव्हती. हिशेबाच्या मॉड्यूलमध्ये महिनाअखेरीला रक्कम दोनदा पडते ना, ती घाण तिचीच. कोणाचं ऐकायचीच नाही. शेवटी आम्हीच सांगितलं, दुसरं बघ म्हणून." त्याने मला कसलाही पुरावा दिला नाही. मी मागितला नाही. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी गाणी ऐकत होते आणि कित्येक आठवड्यांनी मला मस्त वाटत होतं. त्या रात्री झोपही छान लागली. चार महिन्यांचं ओझं!

त्यानंतर माझं सगळं सोपं झालं. काही बिघडलं की "जुना कोड आहे" म्हणायचं. सगळ्यांना कळायचं कोणाचा ते. मी मीटिंगमध्ये बोलायला लागले. पिवळी चिठ्ठी काढून टाकली. लीडशी माझं चांगलं जमलं, अजूनही तसं जमतं. तो वाईट माणूस नाही हो. माझ्या आजारपणात स्वतः रात्रीचे दोन रिलीज काढलेत त्याने.

मग वर्षभराने कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुमच्याकडची एक मुलगी आमच्याकडे इंटरव्ह्यूला आली होती. टेक्निकली जबरी आहे. कशी आहे गं स्वभावाने?" आणि नाव सांगितलं.

मी तिला कधी भेटले नव्हते. एवढंच सांगून फोन ठेवता आला असता. मी म्हणाले, "काम चांगलं आहे म्हणतात. पण जमवून घेत नाही असं ऐकलंय." दहा सेकंदांचं वाक्य. मग आम्ही कोणाकोणाचं लग्न ठरलं यावर अर्धा तास बोललो.

गेल्या महिन्यात ते मॉड्यूल नव्या सिस्टीमवर हलवायचं काम निघालं. त्यासाठी त्या फाईलचा पहिल्यापासूनचा इतिहास काढला. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं असतं त्यात. रक्कम दोनदा पडायला लावणारी ती ओळ सापडली. ती टाकल्याची तारीख तिच्या शेवटच्या दिवसानंतर तीन आठवड्यांची होती. नाव लीडचं. आणि जोडलेल्या तिकिटावर, ती असतानाची, तिची कॉमेंट: असं केलं तर महिनाअखेरीला रक्कम दुप्पट दिसेल, कृपया करू नये. त्याखाली दोन शब्दांचं उत्तर आणि तिकीट बंद. पाण्याच्या तळाशी बोट होती, इतकी वर्षं. कोणी पाणबुड्या सोडला नव्हता, मीसुद्धा. मला तर त्यासाठी एक कमांड टाईप करायची होती फक्त.

तेव्हाही मी फारसं काही केलं नाही. ओळ दुरुस्त केली, टेस्ट लिहिली, पुढे गेले. डोक्यात ठेवलं नाही. शुक्रवारी पुस्तक वाचलं नसतं तर कदाचित ठेवलंही नसतं.

शनिवारी दुपारी त्या मैत्रिणीला फोन केला. आडून आडून विचारलं, ती मुलगी तुमच्याकडे लागली होती का गं? तिला आधी आठवेनाच. मग म्हणाली, "हां हां, ती! नाही गं, नाही घेतलं. तू म्हणाली होतीस ना काहीतरी. पण तेवढ्याने नाही, बजेटचंपण काहीतरी होतं तेव्हा." मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं सोड, किती जुनं झालं. तिला कुठेतरी लागलंच असेल." लागलंच असेल. टेक्निकली जबरी होती.

'बजेटचंपण'मधला तो 'पण' शनिवारपासून माझ्याजवळ आहे.

कादंबरीच्या शेवटी डी विंटर नवराबायको लंडनहून रात्री गाडीने परत येत असतात. सुटलेले असतात. आणि मँडर्लीच्या दिशेला आभाळ लाल दिसतं. वाडा जळतोय. पण लेखिकेने त्याच्या नंतरचं आयुष्य पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणांत सांगून टाकलंय, हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. दोघं परदेशात, कुठल्यातरी सामान्य हॉटेलात राहताहेत. उन्हं, दुपारचा चहा, इंग्लंडहून येणाऱ्या वर्तमानपत्राची वाट बघणं. ती त्याला क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवते. काही विषय येऊ नयेत म्हणून काय वाचायचं, काय गाळायचं याची काळजी घेते. त्यांना शिक्षा झालेली नाही. पकडलं कोणी नाही. फक्त दोघांनी मिळून आयुष्यभर एक गोष्ट बोलायची नाहीये. आधी वाटलं होतं, चला, सुटले एकदाचे, सुखी झाले. आता ते हॉटेल मला वाड्याच्या आगीपेक्षा भयाण वाटतं.

तर माझं मत विचाराल तर पुस्तक अवश्य वाचा. सुरुवातीची साठ-सत्तर पानं संथ आहेत, झाडाफुलांची वर्णनं जरा जास्त आहेत, पण धीर धरा. नेटफ्लिक्सवरचा २०२० चा सिनेमा पाहून पुस्तक पाहिल्यात जमा करू नका. आणि शक्य असेल तर काही वर्षांनी परत वाचा. पहिल्यांदा तुम्ही त्या बिननावाच्या मुलीबरोबर वाचाल. दुसऱ्यांदा तिच्याकडे बघत वाचाल.

सोमवारपासून आमच्या टीमला एक नवा मुलगा येतोय. अगदी फ्रेशर. माझं ते हिशेबाचं मॉड्यूल त्याच्याकडे जाणार आहे. काल रात्री त्याच्यासाठी माहितीची फाईल तयार करत बसले होते. जुन्या फाईलमध्ये एक ओळ होती, मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेली: महिनाअखेरीचा घोळ जुन्या डेव्हलपरमुळे. ती खोडली. त्या जागी तिकिटाचा नंबर टाकला, कोणाचंही नाव न लिहिता. त्याला बघायचं असेल तर तो बघेल. लीडही ती फाईल वाचतो. काय म्हणतो ते सोमवारी कळेलच.

तिला लिहायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये. काय लिहिणार? आपण कधी भेटलो नाही, पण..